कमळाचे पान कोरडे का राहते?

कमळाच्या पानावर पडलेले पाणी पसरत नाही; त्याचे मोती होऊन घरंगळतात. गीतेच्या पाचव्या अध्यायात अलिप्ततेसाठी याच पानाची उपमा आली आहे. मराठीने क्षणभंगुरतेसाठी अळू निवडला आणि ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार रूढ केला. पान गुळगुळीत असल्याने पाणी ठरत नाही, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कमळाचे पान कमालीचे खडबडीत दिसते. वरच्या त्वचेतील पेशींवर उंचवटे असतात. एकेकाची रुंदी मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढी. त्यांवर मेणाच्या त्याहूनही कितीतरी बारीक नळ्यांचे रान माजलेले असते. थेंब केवळ शेंड्यांवर टेकतो आणि खाली हवा अडकून राहते. जाताना तो धूळ व बुरशीचे बीजाणूही घेऊन जातो. जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये हे सविस्तर मांडले. ‘लोटस इफेक्ट’ या नावाने तो गुणधर्म जगभर ओळखला जातो.

वनस्पतीच्या दृष्टीने हा श्वासाचा प्रश्न आहे. जमिनीवरील बहुतेक झाडांची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस अधिक असतात. पाण्यावर तरंगणाऱ्या पानाला ती सोय नाही. कमळाची रंध्रे वरच्या बाजूसच असतात. कार्बन डायऑक्साइड वायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे रंध्रांवर पाण्याचा पातळ थर बसला तरी पानाची कोंडी होते.

मत्स्यपेटीतील हायड्रिला हे दुसरे टोक. सदैव पाण्यात बुडालेल्या या पानाला रंध्रे नसतात, मेणाचे कवच जवळजवळ नसते आणि जाडी जेमतेम दोन पेशींची. विरघळलेला वायू ते थेट त्वचेतूनच घेते. पाण्याबाहेर काढताच ते मलूल होते, कारण ओलावा रोखणारे काहीच त्याच्याजवळ नाही.

कमळाचे चिलखतही अभेद्य नाही. पान बोटाने चोळले की मेण निघते आणि तेवढ्या जागी पाणी चिकटते. साबण किंवा अपमार्जक पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. असे पाणी उंचवट्यांमधील हवा हुसकावून आत शिरते. कुंडीतल्या कमळावरील मावा घालवण्यासाठी साबणपाणी फवारणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.