'ज्ञानोदय' : धर्मपत्र की वृत्तपत्र?

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगताना आपण ६ जानेवारी १८३२ च्या 'दर्पण'पासून निघतो, लोकहितवादींच्या शतपत्रांसाठी 'प्रभाकर'पाशी थांबतो आणि तेथून थेट 'केसरी'कडे वळतो. वाटेत लागणाऱ्या 'ज्ञानोदया'च्या दारी सहसा कोणी थांबत नाही. आमच्या बुधवाऱ्यातील घरी त्याचा उल्लेख 'बाटवाबाटवीचे पत्र' एवढाच होई. सरकारी नोकरीत दुसऱ्यांची टिपणे तपासण्यात आमची हयात गेली. हे घरचे मत तपासण्यास मात्र सेवानिवृत्ती उजाडावी लागली.

हे पत्र काढणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ राजाश्रयात झाला, अशी एक समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत धाडण्याचाच हुकूम काढला होता. पुढे परवानगी मिळाली आणि १८३१ मध्ये मिशन अहमदनगरास (आताचे अहिल्यानगर) पोहोचले. तेथेच जून १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाला. संपादक होते रेव्ह. हेन्री बॅलंटाईन. काही वर्षांत पत्र मुंबईस गेले. मिशनच्या मुंबईतील छापखान्याचे ऋण तर मराठी मुद्रणावर स्वतंत्रच आहे. 'निर्णयसागर'चे जावजी दादाजी मुद्रणाची कला तेथेच शिकले, आणि त्याच निर्णयसागराने पुढे संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्या घरोघर पोहोचविल्या!

पत्राची दृष्टी सनातनीच म्हणावी लागेल, फक्त ते सनातन त्यांच्या धर्माचे. बायबल हे अंतिम सत्य, हा पाया. मूर्तिपूजा, जातिभेद, फलज्योतिष हे नित्याचे लक्ष्य. सोबत भूगोल, खगोल आणि देशोदेशींच्या बातम्या असत. ग्रहणातील राहूकेतू खोडणारे हे पत्र बायबलातील चमत्कारांपाशी आले की प्रश्न विचारणे सोडून देई. मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये 'उपदेशचंद्रिका' काढून, तर विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी वाद करून मिशनऱ्यांना उत्तरे दिली. तो वाद वाचताना आमचे मन आजही बुवांकडेच झुकते.

परंतु १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांपाशी आम्हांस थांबावे लागले. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील सुमारे चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यांत छापलेला आहे. वेदांवर ब्राह्मणांचाच अधिकार असेल तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. इमारतींच्या पायांत तेल-शेंदूर पाजून माणसे पुरल्याचे ती लिहिते. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे हाल सांगते. तिच्या लिहिण्यात आर्जव नाही, जाब आहे.

पत्राचा हेतू निर्मळ होता, असा आमचा दावा नाही. जातींचे दुःख धर्मांतराच्या युक्तिवादास उपयोगी पडत होते, आणि संपादकांना ते कळत नव्हते असे मानणे भाबडेपणाचे होईल. तरीही तिचा कागद छापला गेला तो येथे, हे आम्ही कोणत्या तोंडाने नाकारावे? हेतू संपादकाचा असेल, शब्द मुक्ताचे आहेत.

सत्तावन्न वर्षांनी, १९१२ मध्ये, मराठी विभाग रेव्ह. नारायण वामन टिळकांकडे आला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा कवी ओवी-अभंगांचे वळण सोडू शकला नाही, सोडू इच्छीतही नव्हता. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे नव्हे, हा त्यांचा आग्रह परकीय मिशनच्या चौकटीत मावेना. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभारला. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

मध्यंतरी येथील काही मराठी मंडळी जमली असता आम्ही मुक्ताचा निबंध वाचून दाखविला. एका वयोवृद्ध स्नेह्यांनी विचारले, "हे छापले कोणी?" आम्ही नाव सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिला भाग पुन्हा वाचा."