साठी आणि बुद्धी

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण अगदी सहज वापरतो. आजोबा कपाळावरचा चष्मा घरभर शोधतात, आजी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगते आणि घरातले कोणीतरी हसून म्हणते, 'वयच झाले आता!' या म्हणीत विनोद थोडा आहे, शरणागती जास्त आहे. केस पिकतात, दात पडतात, तशी बुद्धीही जायचीच, असे तिने धरून चालले आहे. हे गृहीत वैद्यकशास्त्राने गेल्या पाऊणशे वर्षांत तपासून पाहिले. त्या तपासणीचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण सातवा हिस्सा तो एकटा घेतो. हे रक्त त्याच्या गाभ्यापर्यंत नेणाऱ्या शेवटच्या धमन्या अतिशय बारीक असतात. त्यांच्यावर वर्षानुवर्षे जास्त दाब पडला, तर काही फुटतात, काही आतून जाड होऊन बंद पडतात.

आज हे आपल्याला उघड वाटते; पण १९३०च्या दशकात मोठमोठे डॉक्टर उलटेच सांगत. वयाबरोबर धमन्या कडक होतात, तेव्हा रक्त पुढे ढकलायला हृदयाला जास्त जोर लावावाच लागणार. तो दाब कमी केला तर मेंदू उपाशी राहील, असा त्यांचा तर्क. या विकाराचे नावच पडले 'इसेन्शियल हायपरटेन्शन'. 'ज्याचे कारण सापडत नाही तो', एवढाच त्या विशेषणाचा वैद्यकीय अर्थ; पण पुष्कळांनी तो 'आवश्यक' असा घेतला. आपल्याकडेही एक सोपा हिशेब चालत असे : वयात शंभर मिळवा, तेवढा वरचा रक्तदाब ठीक. मी स्वतः तो लहानपणी मोठ्यांच्या तोंडून ऐकला आहे. म्हणजे सत्तरीच्या माणसाचा १७० असला तरी काळजीचे कारण नाही!

या समजुतीचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. मार्च १९४४मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा त्यांचा रक्तदाब १८६/१०८ होता. त्यांचे खासगी डॉक्टर मात्र नाक-कान-घशाचे तज्ज्ञ होते आणि वयाच्या मानाने प्रकृती चांगली असल्याचे जनतेला सांगत होते. १२ एप्रिल १९४५ रोजी, महायुद्ध संपत आले असताना, डोके भयंकर दुखत असल्याचे सांगून रूझवेल्ट कोसळले. त्या वेळी रक्तदाब भरला ३००/१९०. मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, वय अवघे ६३. हे सारे अनपेक्षित घडले, असे तेव्हा सांगण्यात आले. प्रत्यक्षात त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी काही वर्षे चढतच होत्या. दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हता. भरवशाचे औषधच हाताशी नव्हते.

१९४८ साली रूझवेल्ट यांच्या जागी आलेल्या ट्रूमन यांनी राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली. त्याच वर्षी बोस्टनजवळच्या फ्रेमिंगहॅम या गावात एक अभ्यास सुरू झाला. ३० ते ६२ वर्षांच्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करायची आणि कोणाला काय होते ते बघत राहायचे, एवढीच कल्पना. ही माणसे रुग्ण नव्हती. आपापली कामे सांभाळून ती येत राहिली. पुढे त्यांची मुले आणि नातवंडेही या अभ्यासात आली. बरीच वर्षे वाट पाहिल्यावर १९७०मध्ये पक्षाघाताचा हिशेब मांडला गेला. रक्तदाब जितका जास्त तितका पक्षाघाताचा धोका जास्त, असे त्यात स्पष्ट दिसले. स्त्रियांना वाढलेला रक्तदाब फारसा बाधत नाही, ही समजूतही टिकली नाही.

धोका कळला, पण औषधाचे काय? इथे या कथेत आपली मुंबई येते. सर्पगंधा ही वनस्पती वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा परिणाम पद्धतशीर नोंदवला आणि १९४९ साली ५० रुग्णांवरचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि १९५७मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे औदासीन्यासारख्या दुष्परिणामांमुळे हे औषध मागे पडले. पण त्याआधी त्याने एक मोठे काम केले.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्रीस यांनी रक्तदाब खूप वाढलेले १४३ पुरुष निवडले. निम्म्यांना रेसर्पिनसह तीन औषधे दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. १९६७मध्ये निकाल आला. गंभीर प्रसंग बिनऔषधी गटात २७ आणि औषधाच्या गटात फक्त दोन! रक्तदाब उतरवल्याने माणूस मरत नाही, उलट वाचतो, हे सिद्ध झाले.

तरी म्हाताऱ्यांचा प्रश्न उरलाच. नुसता वरचा आकडा वाढणे हा उतारवयाचा धर्मच, असे मानले जाई. १९९१मध्ये ६० वर्षांपुढच्या ४,७३६ जणांवरचा 'शेप' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. लघवीवाटे क्षार आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या एका स्वस्त गोळीपासून त्यात उपचाराला सुरुवात केली होती. पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. 'वय अधिक शंभर' हा हिशेब तिथे निकालात निघाला.

आता बुद्धीकडे वळू. १९०६मध्ये जर्मनीत आलॉईस अल्झायमर यांनी स्मरणशक्ती गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतील बदल मांडले. पुढे बराच काळ अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचे विकार यांची खाती वेगळी धरली गेली. ती भिंत पाडायला मदत केली अमेरिकेतल्या जोगिणींनी. ६७८ वृद्ध ख्रिस्ती जोगिणींनी मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनाला देण्याचे कबूल केले होते. त्यांच्या अभ्यासातून १९९७मध्ये दिसले, की अल्झायमरच्या खुणांच्या जोडीला मेंदूच्या गाभ्यात बारीक धमन्या बंद पडल्याचे छोटे व्रण असतील, तर स्मृतिभ्रंशाची शक्यता कितीतरी वाढते. दोन्ही विकार एकमेकांना बळ देत होते.

मग रक्तदाब सांभाळला तर बुद्धीही टिकेल का? १९९८च्या एका युरोपीय अभ्यासाने हो म्हटले, पण त्यात स्मृतिभ्रंश झालेले एकूण रुग्ण होते फक्त ३२. २०१९मध्ये ९,३६१ जणांवरच्या अमेरिकी 'स्प्रिंट' अभ्यासात वरचा रक्तदाब १२०च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. विसरभोळेपणाची पहिली पायरी १९ टक्क्यांनी कमी आढळली, स्मृतिभ्रंशातली घट मात्र खात्रीने सिद्ध झाली नाही. २०२५मध्ये चीनमधल्या ३२६ खेड्यांतून पुढचे उत्तर आले. सुमारे ३४ हजार लोकांचा हा अभ्यास. निम्म्या खेड्यांत गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी लोकांचा रक्तदाब मोजला, औषधे दिली, पाठपुरावा केला. चार वर्षांत तिथे स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी दिसला. त्यासाठी मोठे रुग्णालय लागले नाही.

पंधरा टक्के म्हणजे शंभर नव्हेत. रक्तदाब सांभाळूनही काहींची स्मृती जाते आणि त्यात त्या माणसाचा किंवा घरच्यांचा काही दोष नसतो. नाजूक प्रकृतीच्या वृद्धांचा दाब फार उतरला तर चक्कर येऊन पडण्याची भीती असते. म्हणून किती उतरवायचा हे डॉक्टरांनीच ठरवावे. पण 'वयच झाले' म्हणून मोजायचेच नाही, याला आता आधार उरलेला नाही.

हे ज्ञान मिळाले ते फ्रेमिंगहॅमच्या गावकऱ्यांमुळे, माजी सैनिकांमुळे, जोगिणींमुळे. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा स्वतःसाठी उपयोग झाला नाही. तो आपल्याला करता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, हे आजच त्यांना विचारा. त्यांना आठवत नसेल, तर हसण्यावारी नेऊ नका. दंडाला पट्टा बांधून दोन मिनिटांत तो मोजता येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)