साडेसात शिलिंगांचे चिंचोके

बँकेच्या खिडकीतून सुट्या नाण्यांची पिशवी पुढे केली, की गिऱ्हाईक हमखास म्हणते, "अहो, हे काय चिंचोके देताय?" संध्याकाळी एखादे जुने पुस्तक घेऊन घरी शिरलो, की सौभाग्यवती विचारतात, "पैसे म्हणजे काय चिंचोके वाटले?" बावीस वर्षं दोन्हीकडे मान खाली घालत आलो. पण एका सरकारने जवळजवळ चिंचोक्यांसाठीच रोख पैसे मोजले होते, हे कळल्यापासून मान जरा वर आहे.

त्याचे झाले असे. भाचा लंडनहून आला आणि त्याने माझ्या तळहातावर एक बी ठेवली. तपकिरी, गुळगुळीत, तुपात घोळल्यासारखी. चिंचोका वर्षभर तालमीत गेला तर असाच दिसेल! "मामा, हॉर्स चेस्टनट." मी ती तोंडात टाकणार, तोच तो ओरडला, "खाऊ नका, विषारी असते!" भाजून खातात ते चेस्टनट निराळे. याच्या नावात घोडा, पण ही बी घोड्यालाही बाधते. हे झाड मूळचे बाल्कन प्रदेशातले. मग युरोपभर बागांतून लागले. इंग्रज पोरे या बीला भोक पाडून दोरीत ओवतात आणि एकमेकांची फोडतात. असा निरुपद्रवी खेळ.

१९१७ साली या खेळात सरकार उतरले. तोफगोळ्यांसाठी लागे कॉर्डाइट आणि कॉर्डाइटसाठी ॲसिटोन. मँचेस्टरच्या खाइम वाइझमन यांनी (हेच पुढे इस्राएलचे पहिले अध्यक्ष झाले) जंतूंकरवी मका आंबवून ॲसिटोन काढायची रीत शोधली होती. आपल्या इडलीच्या पिठाचीच तऱ्हा, फक्त फुगवटा तोफेत! पण मका यायचा समुद्रापलीकडून, आणि जहाजे बुडवायला जर्मन पाणबुड्या टपलेल्या. तेव्हा माणूस खात नाही अशी ही बी सरकारला आठवली.

शाळाशाळांतून पोरे कामाला लागली. भाव हंड्रेडवेटला साडेसात शिलिंग. मी पडलो बी. कॉम.; हिशेब केल्यावाचून घास उतरत नाही. ११२ पौंडांना ९० पेन्स, म्हणजे पौंडाला पुरती पेनीसुद्धा नाही! बिया कशासाठी, तर "युद्धासाठी." त्यापुढचे सारे गुपित.

पोरांनी ढीगच्या ढीग जमवले. वाहतुकीअभावी कित्येक ढीग स्टेशनांवरच कुजले. तरी सुमारे ३,००० टन किंग्ज लिन गावच्या कारखान्यात पोचले. एप्रिल १९१८ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा कळले की यातून ॲसिटोन फारसे निघत नाही. जुलैत कारखाना बंद!

पुन्हा हिशेब केला. ३,००० टन म्हणजे ६०,००० हंड्रेडवेट. त्या भावाने साडेबावीस हजार पौंड. आकडा जुळला, पण खातेवही मिटवेना. कुणाचा बाप आघाडीवर, कुणाचा भाऊ. तो लवकर परत यावा म्हणून पोराने आपले खेळणे पिशवीत भरून दिले. त्या खेळण्यातून कुणा दुसऱ्या पोराचा बाप मरायचा होता, हे त्याला कुणी सांगितले नाही. बियांनीच ऐन वेळी अंग चोरले, ते एका अर्थी बरेच झाले.

भाच्याची बी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिची चकाकी गेली, सुरकुत्याही पडल्या. परवा एक आजोबा नाण्यांकडे बघून म्हणालेच, "चिंचोके काय देताय?"

"आजोबा," मी म्हटले, "नातवाला द्या. खेळू दे."