फ्रेट क्लास म्हणजे काय? अमेरिकेत ट्रकने माल पाठवताना भाड्याचं बिल नंतर का वाढतं?

सांगलीचा बेदाणा असो की कोल्हापुरी चप्पल, कंटेनर अमेरिकेच्या बंदरावर उतरला की निर्यातदाराला वाटतं, मोठा प्रवास संपला. पण तिथून गिऱ्हाइकाच्या गोदामापर्यंत दोन-चार पॅलेट माल ट्रकने पाठवायचा असेल, तर एक नवाच प्रश्न समोर येतो: ‘मालाचा फ्रेट क्लास कोणता?’

इथे अंदाजाने आकडा टाकला, तर आधी ठरलेलं भाडं एक आणि माल पोहोचल्यावर आलेलं बिल दुसरंच, असं होऊ शकतं. छोट्या व्यावसायिकाचा त्या ऑर्डरवरचा नफा एवढ्यात जाऊ शकतो.

फ्रेट क्लास म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ट्रान्सपोर्टमध्ये ‘फुल लोड’ आणि ‘पार्ट लोड’ असे दोन प्रकार असतात. अमेरिकेत पार्ट लोडला ‘एलटीएल’, म्हणजे ‘लेस दॅन ट्रकलोड’ म्हणतात. एकाच ट्रकमध्ये अनेकांचा माल असतो, त्यामुळे कोणी किती भाडं द्यायचं, हे ठरवायला सगळ्यांसाठी एकच मोजपट्टी लागते.

ती मोजपट्टी म्हणजे ‘नॅशनल मोटर फ्रेट क्लासिफिकेशन’, थोडक्यात एनएमएफसी. नॅशनल मोटर फ्रेट ट्रॅफिक असोसिएशन ही संस्था ती ठरवते. यात एकूण १८ क्लास आहेत. सर्वांत खालचा ५० आणि सर्वांत वरचा ५००. क्लास जितका वरचा, तितका दर १०० पौंडांमागचा भाव साधारणपणे जास्त.

पूर्ण ट्रक भाड्याने घेतला, तर सहसा क्लासची गरज पडत नाही, कारण तिथे भाडं फेरीचं ठरतं. कुरिअरने जाणाऱ्या छोट्या पार्सललाही हा नियम लागू नाही.

क्लास कशावरून ठरतो?

चार गोष्टी पाहिल्या जातात.

१. घनता: माल जागेच्या मानाने किती जड आहे. कापसाची गादी वजनाने हलकी, पण जागा खूप खाते. लोखंडी बोल्टची पेटी छोटी, पण जड असते.

२. हाताळणी: फोर्कलिफ्टने सहज उचलता येतो की वेगळी काळजी घ्यावी लागते.

३. रचता येणं: त्यावर किंवा शेजारी दुसरा माल ठेवता येतो का. वेडावाकडा आकार, बाहेर आलेले भाग किंवा धोकादायक रसायनं असतील, तर अडचण होते.

४. जोखीम: माल फुटण्याची, खराब होण्याची, चोरी होण्याची शक्यता किती.

घनता कशी काढायची?

लांबी, रुंदी आणि उंची इंचात मोजून गुणाकार करायचा आणि त्याला १७२८ ने भागायचं. उत्तर घनफुटात येतं. एकूण वजनाला (पौंडात) या घनफुटांनी भागलं की घनता मिळते. मापात आणि वजनात लाकडी पॅलेटही धरायचं असतं.

समजा, पॅलेट ४८ इंच लांब, ४० इंच रुंद आहे आणि मालासह उंची ६० इंच आहे. वजन ५०० पौंड. घनफळ येतं सुमारे ६६.७ घनफूट आणि घनता ७.५.

घनतेवर आधारित तक्त्यातले काही टप्पे असे आहेत (पौंड प्रति घनफूट):

- १ पेक्षा कमी: क्लास ४००
- ४ ते ६: क्लास १७५
- ६ ते ८: क्लास १२५
- ८ ते १०: क्लास १००
- १० ते १२: क्लास ९२.५
- १५ ते २२.५: क्लास ७०
- ५० किंवा त्याहून जास्त: क्लास ५०

म्हणजे हा माल क्लास १२५ मध्ये बसतो. आता तोच माल नीट दाबून भरला आणि उंची ४८ इंचांवर आणली, तर घनता होते सुमारे ९.४ आणि क्लास येतो १००. वजन तेच, माल तोच, फक्त खोक्यातली रिकामी जागा कमी झाली.

२०२५ मध्ये काय बदललं?

पूर्वी बऱ्याच वस्तूंचा क्लास वस्तूच्या नावावरून ठरलेला असे. १९ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या बदलात मोठ्या संख्येने वस्तू घनतेच्या तक्त्याखाली आणल्या गेल्या. तक्त्यातले टप्पेही ११ वरून १३ झाले. त्यामुळे अचूक माप घेणं आता आणखी महत्त्वाचं झालं आहे. अर्थात ज्या वस्तूंना हाताळणीची किंवा जोखमीची अडचण आहे, त्यांचे वेगळे नियम आहेतच.

बिल नंतर कसं वाढतं?

माल देताना ‘बिल ऑफ लेडिंग’ भरावं लागतं. आपल्याकडच्या बिल्टीसारखाच हा कागद. त्यावर मालाचं वर्णन, वजन आणि क्लास लिहिलेला असतो. ट्रक कंपनी आपल्या डेपोत माल पुन्हा तोलू आणि मोजू शकते. अनेक ठिकाणी हे काम आता मशीन करतं. तफावत निघाली तर क्लास बदलतो, फरकाची रक्कम लागते आणि तपासणीचं वेगळं शुल्कही लागू शकतं.

गल्लत कुठे होते?

भारतीय निर्यातदारांना एचएसएन कोड माहीत असतो. पण तो कर आणि कस्टमसाठी असतो. एनएमएफसीचा क्रमांक वेगळा, तो फक्त वाहतुकीच्या भाड्यासाठी. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

विमानाने जाणाऱ्या कुरिअरमध्येही जागेचा हिशोब होतो, पण पद्धत निराळी. तिथे सेंटिमीटरमधल्या मापांच्या गुणाकाराला बहुतेक वेळा ५००० ने भागून ‘व्हॉल्युमेट्रिक’ वजन काढतात. ते आणि खरं वजन यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लागतात.

माल पाठवण्याआधी काय करावं?

- पॅकिंग पूर्ण झाल्यावरच माप घ्यावं. बाहेर आलेला कोपराही मोजावा.
- ‘जनरल गुड्स’ असं मोघम न लिहिता वस्तूचं नेमकं नाव लिहावं.
- रचलेल्या पॅलेटचे टेपसह फोटो आणि वजनाची पावती जपून ठेवावी. वाद झाला तर हाच पुरावा.
- नियमित माल जात असेल, तर वेगवेगळ्या वस्तूंना मिळून एकच क्लास देणारा करार ट्रक कंपनीशी करता येतो का, ते विचारावं. त्याला ‘फ्रेट ऑल काइंड्स’ म्हणतात.
- अमेरिकेतलं हे भाडं विक्रेता देणार की खरेदीदार, हे ऑर्डर घेतानाच लेखी ठरवावं. नाहीतर वाढीव बिल आल्यावर ते कोणी भरायचं, यावरून वाद होतो.