नाशिकचा खासदार आणि दुसरी खेप

‘नाशिकचा खासदार दुसऱ्यांदा निवडून येत नाही,’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. निवडणूक जाहीर झाली की ते कुणाच्या तरी तोंडून निघतेच. मग मी एकदा निकालांची यादीच मांडून बसलो.

वाक्य खोटे नाही. भानुदास कवडे १९६७ आणि १९७१ असे लागोपाठ निवडून आले. त्यानंतर १९७७ ते २०१४ या काळात अकरा निवडणुका झाल्या आणि खासदारही अकरा : विठ्ठलराव हांडे, डॉ. प्रताप वाघ, मुरलीधर माने, डॉ. दौलतराव आहेर, डॉ. वसंतराव पवार, राजाराम गोडसे, माधवराव पाटील, उत्तमराव ढिकले, देविदास पिंगळे, समीर भुजबळ आणि हेमंत गोडसे. शेकाप, काँग्रेस, भाजप, शिवसेना, राष्ट्रवादी, सगळ्यांना संधी मिळाली. दुसरी खेप कुणालाच नाही.

पण ‘मतदार नाकारतात’ हा त्यातून काढलेला अर्थ मला पटेना. १९८० चे वाघ आणि १९८४ चे माने दोघेही काँग्रेसचेच. २००४ साली पिंगळे राष्ट्रवादीतर्फे जिंकले आणि २००९ ला त्याच पक्षाने समीर भुजबळांना उभे केले. २०१४ ला समीर खासदार असताना रिंगणात उतरले ते छगन भुजबळ, आणि हरलेही तेच. म्हणजे निदान या ठिकाणी तरी विद्यमान खासदाराचे काय करायचे हे मतदारांना कुणी विचारलेच नव्हते. उमेदवारीच्या यादीतच निकाल लागला होता. (यशवंतराव चव्हाणांनाही इथे दुसरी खेप नाही : १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधून बिनविरोध निवडून आले, १९६७ ला साताऱ्याला गेले.)

हेमंत गोडसे यांची गोष्ट म्हणूनच वेगळी. २००९ ला मनसेतर्फे लढून ते समीर भुजबळांकडून सुमारे २२ हजारांनी हरले. २०१४ ला शिवसेनेतर्फे जिंकले. २०१९ ला त्याच समीर भुजबळांना २ लाख ९२ हजारांनी हरवून त्यांनी जुने वाक्य मोडीत काढले.

२०२४ ला मात्र पुन्हा उमेदवारी मिळवतानाच त्यांची दमछाक झाली. शिवसेना फुटली होती, गोडसे शिंदे यांच्यासोबत होते आणि महायुतीत या जागेवरून रस्सीखेच चालली होती. छगन भुजबळांचे नाव पुढे आले, त्यांनी माघार घेतली. गोडसे यांचे नाव जाहीर झाले १ मे रोजी. अर्ज भरायची मुदत ३ मेपर्यंत. ठाकरे गटाने राजाभाऊ वाजे यांचे नाव मार्चमध्येच जाहीर केले होते. त्यात डिसेंबर २०२३ पासूनची कांदा निर्यातबंदी, जी मतदानाला पंधरा-सोळा दिवस उरले असताना उठली. ४ जूनला वाजे सुमारे १ लाख ६२ हजारांनी जिंकले. शेजारच्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवारही हरल्या.

या पराभवाला केवळ कांद्याचा रोष म्हणणे मला अपुरे वाटते. शहरातल्या नाशिक पश्चिममध्ये गोडसे पुढेच होते. वाजे यांच्या मताधिक्याचा मोठा वाटा एकट्या सिन्नरने उचलला. सिन्नरला आपला माणूस दिल्लीत हवा होता, आणि ही हौस नवी नव्हती : २०१९ लाही सिन्नरचे माणिकराव कोकाटे अपक्ष लढले होते आणि सव्वा लाखाहून जास्त मते घेऊन गेले होते.

आणि वाजे स्वतः? २०१४ ला सिन्नरचे विद्यमान आमदार असलेल्या कोकाट्यांना त्यांनी हरवले. २०१९ ला विद्यमान आमदार वाजे होते. त्यांना कोकाट्यांनी थोडक्या मतांनी हरवले. लोकसभेनंतर अवघ्या पाच महिन्यांनी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीत त्याच सिन्नरने कोकाट्यांना पुन्हा निवडून दिले.