पर्क सौरघट

स्फटिकी सिलिकॉनच्या सौरघटाचा एक प्रकार. ‘पॅसिव्हेटेड एमिटर अँड रिअर सेल’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पर्क’ हे नाव रूढ झाले. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मार्टिन ग्रीन यांच्या गटाने तो विकसित केला.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या १९५४ मधल्या पहिल्या व्यवहार्य सिलिकॉन घटाची कार्यक्षमता सुमारे ६ टक्के होती. ग्रीन १९७४ मध्ये विद्यापीठात रुजू झाले आणि १९८५ मध्ये त्यांच्या गटाने २० टक्क्यांचा टप्पा जगात प्रथम गाठला.

पुढची अडचण घटाच्या पाठीशी होती. जुन्या घटांची मागची बाजू सरसकट ॲल्युमिनियमने लिंपलेली असे. प्रकाशाने मोकळे केलेले कित्येक इलेक्ट्रॉन तिथे पोचताच पुन्हा बद्ध होत आणि त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. संशोधकांनी धातू आणि सिलिकॉन यांच्यामध्ये सिलिकॉन ऑक्साइडचा पातळ थर घातला आणि वीज बाहेर काढण्यापुरती त्याला बारीक भोके ठेवली. धातू सिलिकॉनला टेकतो तो तेवढ्याच ठिकाणी. शिवाय सिलिकॉनची चकती ओलांडून आलेले अवरक्त किरण मागून परावर्तित होऊन पुन्हा सिलिकॉनमध्ये शिरतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या घटाची कार्यक्षमता २२.८ टक्के होती. आकार अवघा ४ चौरस सेंटिमीटर.

याच घराण्यातला ‘पर्ल’ घट १९९९ मध्ये २४.७ टक्क्यांवर पोचला. मोजमापाचे मानक सुधारल्यावर हा आकडा २५ धरला गेला आणि २०१४ पर्यंत तो विक्रम टिकला.

कारखान्यात मात्र पर्कला दोन दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. प्रयोगशाळेतील अतिशुद्ध सिलिकॉन आणि भोके कोरण्याची किचकट प्रक्रिया परवडणारी नव्हती. युरोपातील संशोधनातून लेझरने थर उघडण्याची रीत आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर पुढे आला, तेव्हा वाट मोकळी झाली. उत्पादनाचा विस्तार प्रामुख्याने चीनमध्ये झाला. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातच डॉक्टरेट मिळवलेले शी झेंगरोंग यांनी २००१ मध्ये वूशी येथे सनटेक कंपनी काढली होती. २०२० च्या सुमारास जगात तयार होणाऱ्या सौरघटांपैकी बहुसंख्य पर्क प्रकारचे होते.

ग्रीन, अँड्र्यू ब्लेकर्स, आयहुआ वांग आणि जियानहुआ झाओ यांना २०२३ मध्ये पर्कच्या विकासासाठी अभियांत्रिकीचे क्वीन एलिझाबेथ पारितोषिक मिळाले. आता पर्कची जागा ‘टॉपकॉन’ या नव्या प्रकारचे सिलिकॉन घट घेत आहेत. एकट्या सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा सुमारे २९.४ टक्के असल्याने सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर चढवलेल्या जोडघटांवर सध्याच्या संशोधनाचा भर आहे.