चोच कशासाठी? : अ‍ॅडव्हेंचर बाइकचं रूप पुरावा म्हणून वाचताना

संशोधनाच्या तयारीत आपण कागद वाचायला शिकतो. दप्तरं, पत्रव्यवहार, गॅझेटियर, जुनी वर्तमानपत्रं. वस्तू वाचायला मात्र फारसं कुणी शिकवत नाही. त्यामुळे एखाद्या वस्तूवर लिहायची वेळ आली की सिनॉप्सिसमध्ये हमखास एक वाक्य येतं : "या वस्तूचा आकार तिच्या उपयोगातून घडला आहे." वाक्य ऐकायला बरोबर वाटतं. पण परीक्षकाने नुसतं "कशावरून?" असं विचारलं तर पुढे काय बोलणार? त्या "कशावरून"चं उत्तर शोधण्याची एक पद्धत आज बघू. उदाहरणासाठी रस्त्यावर रोज दिसणारी वस्तू घेऊ : अ‍ॅडव्हेंचर टूरिंग मोटरसायकल.

ही गाडी तुम्ही लांबूनही ओळखता. उंच सीट, रुंद हँडल, फुगीर टाकी, मागे सामानाच्या पेट्या, आणि हेडलाइटखालून पुढे आलेली पक्ष्यासारखी चोच. हे सगळं पाहून मनात येतं, ही गाडी वाळवंटातून आणि दगडधोंड्यांतून जाण्यासाठी बनली आहे. इथेच थांबा. रूप बघून आपण उपयोग ठरवला. इतिहासकाराला उलट दिशेने जावं लागतं : हे रूप आधी कुठे दिसलं, तेव्हा ते कोणत्या अडचणीवरचा उपाय होतं, आणि अडचण संपल्यावरही ते का राहिलं?

आधी कालक्रम

कुठल्याही वस्तूच्या इतिहासात पहिलं काम म्हणजे तारखा लावणं. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून एक शर्यत निघाली आणि जानेवारी १९७९ मध्ये सेनेगलमधल्या डकारला पोचली. आयोजक होता थिएरी साबीन. मोटरसायकलींमध्ये पहिला आला सिरिल नव्हू, यामाहा एक्सटी ५०० वर. ती एका सिलिंडरची, तुलनेने हलकी गाडी होती.

१९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली. जी म्हणजे गेलेंडे, मोकळं रान. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. सुमारे ८०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन असलेली मोठी गाडी दोन्हीकडे चालेल, हा तिचा दावा. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, उबेर ओरिओलने या घराण्यातल्या गाडीवर पॅरिस-डकार जिंकली. १९८३, १९८४ आणि १९८५ लाही बीएमडब्ल्यूच जिंकली. त्यानंतर १९८६ ते १९८९ अशी सलग चार वर्षं होंडाची एनएक्सआर ७५०. तिच्या यशावर होंडाने १९८८ मध्ये दुकानात आणलेली गाडी म्हणजे आफ्रिका ट्विन.

आता टाकी बघा. १९८० च्या जी/एसची टाकी साडेएकोणीस लिटरची होती. १९८४ मध्ये तिची 'पॅरिस-डकार' आवृत्ती आली, तिची टाकी ३२ लिटरची. हा फुगवटा दिसण्यासाठी नव्हता. वाळवंटात दोन पेट्रोलसाठ्यांमधलं अंतर मोठं असतं, म्हणून टाकी मोठी. इथे "आकार उपयोगातून घडला" असं तुम्ही बिनधास्त लिहू शकता. कारण तारीख, आकडा आणि अडचण, तिन्ही हातात आहेत.

चोचीचा माग

चोचीचं प्रकरण एवढं सरळ नाही, म्हणूनच ते शिकण्यासारखं आहे. चिखलात चालवायच्या गाडीचं पुढचं मडगार्ड चाकापासून बरंच वर असतं. खाली ठेवलं तर टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल अडकतो आणि चाक फिरेनासं होतं. पण हेच उंच मडगार्ड हँडलबरोबर वळतं. मोठी गाडी हमरस्त्यावर वेगाने निघाली की ते वारा पकडतं आणि पुढचं चाक अस्थिर वाटायला लागतं. यावरची तडजोड म्हणजे मडगार्डचे दोन भाग करणं. खालचा भाग चाकाजवळ, पाणी आणि खडी अडवायला. वरचा भाग चाकापासून सोडवून गाडीच्या अंगाला घट्ट बसवलेला. हा वरचा भाग म्हणजे चोच. उडणारी घाण ती थोडीफार अडवते, पण मडगार्डचं मूळ काम आता खालच्या भागाकडे गेलेलं असतं.

पहिल्या आर ८० जी/एसला चोच नव्हती. ती ठळक दिसते १९८८ च्या सुझुकी डीआर ७५० एसवर. एका सिलिंडरची ही थोराड गाडी सुझुकीच्या डकार रॅलीतल्या गाडीच्या नात्यातली. १९९४ मध्ये बाजारात आलेल्या बीएमडब्ल्यू आर ११०० जीएसवरही चोच आली आणि ती त्या घराण्याची खूण होऊन बसली. २००४ मध्ये युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला गेले, त्यावरची टीव्ही मालिका खूप गाजली. त्यांच्याखाली याच घराण्यातली आर ११५० जीएस अ‍ॅडव्हेंचर होती. २०१० मध्ये डुकाटीच्या नव्या मल्टिस्ट्राडा १२०० ला चोच आली, २०१४ मध्ये सुझुकीच्या नव्या व्ही-स्ट्रॉम १००० लाही.

या यादीवरून लगेच "मालिकेमुळे चोच पसरली" असं लिहू नका. एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही, हे आपल्याला माहीत असतं आणि लिहिताना आपण विसरतो. त्यापेक्षा तुलनेला योग्य अशा जोड्या शोधा. दोन जोड्या सांगतो.

पहिली जोडी : ट्रायंफ टायगर ८००. एकच इंजिन, एकाच वेळी जाहीर झालेले दोन प्रकार. रस्त्याकडे झुकणाऱ्या साध्या टायगर ८०० ला अलॉय चाकं, पुढचं १९ इंची, आणि चोच नाही. कच्च्या वाटेसाठी म्हणून विकलेल्या ८०० एक्ससीला स्पोकची चाकं, पुढचं २१ इंची, आणि चोच आहे. मोठं चाक खड्ड्यातून सहज निघतं, स्पोक धक्का सोसतात. म्हणजे चाकाचा बदल कामाचा होता. त्याच्या जोडीला चोच दिली ती "ही रानात जाणारी" हे सांगायला. २०१० पर्यंत चोचीला भाषेचं काम मिळालेलं होतं, ते इथे दिसतं.

दुसरी जोडी : सुझुकीची व्ही-स्ट्रॉम १०००. २००२ च्या गाडीला चोच नाही, २०१४ च्या गाडीला आहे. नव्या गाडीच्या वेळी कंपनीने सांगितलं की चोच आमच्याच जुन्या डीआर घराण्यातून आली आहे. पूर्वज खरे आहेत, त्यात खोटं काही नाही. पण मग २००२ मध्ये त्यांची आठवण का झाली नाही? मधल्या काळात चोच हे या वर्गाचं ओळखपत्र झालं होतं आणि प्रत्येक कंपनीला आपल्या घराण्यात त्याचा उगम दाखवणं सोयीचं होतं. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेलं १९८३ चं 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' तुमच्या वाचनयादीत असेलच. परंपरा नव्याने रचली जाते म्हणजे काय, हे त्यात राष्ट्रांच्या आणि समारंभांच्या संदर्भात वाचतो. इथे तीच गोष्ट मडगार्डवर दिसते.

लाकूड नसलेलं लाकूड

काम संपलं तरी आकार उरतो, यासाठी पुरातत्त्वात 'स्क्यूओमॉर्फ' असा शब्द आहे. शब्द अवघड असला तरी गोष्ट आपल्या घरची आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लाकडी फासळ्या आहेत. वरचं छत अखंड कातळ आहे, त्याला फासळ्यांच्या आधाराची गरजच नाही. त्या आल्या आधीच्या लाकडी इमारतींमधून. पुढे वेरूळच्या दहाव्या लेण्यात त्या फासळ्या थेट दगडातच कोरल्या. 'सुतार की झोपडी' हे त्या लेण्याचं लोकांतलं नाव, म्हणजे दगड लाकडाची नक्कल करतोय हे लोकांच्याही लक्षात आलं होतं. पण म्हणून कुणी त्या फासळ्यांना "नुसता दिखावा" म्हणून सोडून देत नाही. उलट, नाहीशा झालेल्या लाकडी इमारती कशा होत्या हे आपण त्यांच्यावरूनच ताडतो. चोचीकडेही असंच बघा.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "सगळं रूप म्हणजे मार्केटिंग" हे वाक्यही पुराव्याशिवाय लिहिता येत नाही. २०१९ च्या केटीएम ७९० अ‍ॅडव्हेंचरची टाकी इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबते. बघायला विचित्र, पण त्यामुळे पेट्रोलचं वजन खाली राहतं आणि गाडी सांभाळायला सोपी जाते. तुमच्या मांडणीच्या विरोधात जाणारं असं उदाहरण सापडलं तर ते तळटीपेत लपवू नका, मजकुरात घ्या.

नियमही वाचा

वस्तू आणि जाहिरात यांच्याबरोबर तिसरा पुरावा म्हणजे नियम. डकार रॅलीत २०११ पासून सगळ्या मोटरसायकलींना ४५० सीसीची मर्यादा आहे. दुकानातल्या मोठ्या अ‍ॅडव्हेंचर गाड्या मात्र हजार सीसीच्या पुढे गेल्या आहेत. म्हणजे ज्या शर्यतीचं रूप या गाड्या मिरवतात, त्या शर्यतीत आज त्यांना प्रवेशच नाही. रूप आणि कारण कधी वेगळे झाले, याची एक पक्की तारीख तुम्हाला नियमातून मिळते. गाडीकडे कितीही वेळ बघत बसलात तरी ती मिळणार नाही.

भारतातही हीच तपासणी करा. लेह-लडाखची वाट लोक कित्येक वर्षं बुलेटवरून करत होते. त्या गाडीला चोच नव्हती की लांब शॉकअप नव्हते. म्हणजे काम आधी होतं, रूप नंतर आलं. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २१ इंची पुढचं चाक आणि ८०० मिलिमीटर उंचीची सीट घेऊन. २०२० मध्ये पुण्याजवळच्या चाकणला बनणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आली. तिची सीट ८५५ मिलिमीटरवर, चाकं मात्र अलॉयची, पुढचं १९ इंची. हे साडेपाच सेंटिमीटर किरकोळ वाटतील. पण सिग्नलला दोन्ही पाय टेकतात की नाही, हे त्यावरच ठरतं. कमी उंचीच्या माणसाला, त्यातही बऱ्याच स्त्रियांना, ही गाडी शोरूममध्येच "तुझी नव्हे" असं सांगते. रूपाची किंमत कुणाच्या शरीरावर पडते, हा प्रश्न वस्तूंच्या इतिहासात राहून जातो. तो मुद्दाम विचारा.

नावं उरली, माणसं?

आणखी एक गोष्ट टाकीवरच लिहिलेली असते. आफ्रिका ट्विन. टेनेरे, म्हणजे नायजरमधला वाळवंटी प्रदेश. तुआरेग, म्हणजे सहारातला एक समाज, आणि एप्रिलियाची एक गाडी. ही शर्यत युरोपातून निघून पूर्वी फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अनेक देशांतून जायची. जाहिरातीतलं वाळवंट रिकामं असतं, खरं वाळवंट रिकामं नव्हतं. मार्गावर गावं होती, आणि वेगाने जाणाऱ्या गाड्यांखाली स्थानिक माणसं, मुलंही, मेली. २००८ ची शर्यत मॉरिटानियातल्या धोक्यामुळे रद्द झाली. २००९ मध्ये ती दक्षिण अमेरिकेत गेली, २०२० पासून सौदी अरेबियात आहे. आफ्रिका सुटली, पण टाकीवरची नावं तशीच राहिली. ती नावं वाचताना चित्रात कोण आहे यापेक्षा कोण नाही, ते बघा. आणि हा प्रश्न फक्त युरोपला विचारून गप्प बसू नका. 'हिमालयन'च्या जाहिरातीतला हिमालयही याच नजरेने बघा. तिथे माणसं राहतात, त्यांची शेतं आणि शाळा आहेत.

तुमचा विषय मोटरसायकल नसणारच. शिवणयंत्र असेल, कंदील असेल, वाड्याचा दरवाजा असेल. वही उघडा आणि त्या वस्तूचा एकच भाग निवडा. त्यासमोर दोन तारखा लिहायचा प्रयत्न करा : तो भाग पहिल्यांदा ज्या अडचणीसाठी आला ती, आणि ती अडचण संपल्यावरही तो पहिल्यांदा तसाच बनवला गेला ती. पहिली तारीख बहुतेक वेळा कुणीतरी लिहून ठेवलेली असते. दुसरी शोधायला जुने कॅटलॉग, नियमावल्या आणि एकाच वस्तूचे दोन प्रकार शेजारी ठेवून बघावे लागतात. तुमच्या प्रबंधातलं नवं काम त्या दुसऱ्या तारखेपासून सुरू होईल.